पहिला लार्ज फॉरमॅट कॅमेरा: आधी तो कुठे उभा राहणार ते ठरवा

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते, शाळेत शिकवते. चार-पाच वर्षं पस्तीस एमएमच्या फिल्म कॅमेऱ्यावर काम करतेय. कृष्णधवल रोल घरीच धुते. आजोबांचा हातमाग होता. आता आमच्या भागात बोटांवर मोजण्याइतके माग उरलेत. ते माग, ते विणकर आणि गावातल्या जुन्या इमारती मला मोठ्या निगेटिव्हवर घ्यायच्या आहेत. समोर तीन पर्याय आहेत. बंद पडलेल्या एका स्टुडिओचे मालक त्यांचा लाकडी हाफ प्लेट कॅमेरा द्यायला तयार आहेत. पुण्यात एकांकडे फोर बाय फाइव्हचा, म्हणजे चार बाय पाच इंची फिल्मचा, जुना मोनोरेल (एका दांडीवर सरकणारा कॅमेरा) आहे, १५० मिमीच्या लेन्ससकट. तिसरा म्हणजे परदेशातून मागवायचा नवा, हलका लाकडी फील्ड कॅमेरा. त्याला लेन्स वेगळी घ्यावी लागेल. सगळे म्हणतात, हलका घे. पैसे जेमतेम एकाच गोष्टीपुरते आहेत. शिवाय आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही आणि उन्हाळ्यात टाकीतलं पाणी इतकं तापतं की हात लावायची सोय नसते. अशात शीट फिल्म, म्हणजे एकेका चित्राची सुटी फिल्म, धुणं जमेल का? आणि हा कॅमेरा गड्ड्याच्या यात्रेत चालेल का?"

— पूर्व भागातली एक शिक्षिका

उत्तर:

पुण्यातला मोनोरेल घ्या. तो धड असेल तरच, आणि ते कसं बघायचं ते पुढे सविस्तर सांगतो.

'हलका घे' हा सल्ला खोटा नाही, पण तो गड चढणाऱ्यांच्या कामाचा आहे. पाठीवर सामान बांधून दिवसभर चालायचं असेल तर घडी होणारा दीड किलोच्या आतबाहेरचा कॅमेराच हवा. तुमचे माग तुमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. इंद्रभुवनच्या जुन्या इमारतीसमोर रिक्षा थांबते. भुईकोट किल्ल्याच्या तटाशी, सिद्धेश्वर तलावाच्या काठाशी कॅमेरा न्यायला डोंगर चढावा लागत नाही. मोनोरेल चार-साडेचार किलोंचा असतो, त्याची नीट घडी होत नाही, खोक्यात घालूनच न्यावा लागतो. तुमच्या कामात हा त्रास आहे, पण तो रिक्षाच्या सीटवर मावणारा त्रास आहे. त्याच्या बदल्यात जे मिळतं ते शिकणाऱ्याला फार मोलाचं असतं.

काय मिळतं ते तुमच्याच मागावर सांगतो. विणकर बसतो त्याच्या समोरच्या टोकाला कॅमेरा लावलात, तर ताणा तुमच्यापासून त्याच्याकडे आडवा पसरत गेलेला दिसेल. जवळचे धागे हातभर अंतरावर आणि विणकराचे हात दीड-दोन मीटरवर. फोर बाय फाइव्हवर १५० मिमीची लेन्स दोन मीटरवर फोकस केली आणि एफ/११ ठेवलं (हा लेन्सचं तोंड किती उघडं त्याचा आकडा, आकडा मोठा तितकं तोंड लहान), तर समोरून मागे सगळं मिळून जेमतेम चाळीस सेंटिमीटर खोली नीट स्पष्ट येते. पस्तीस एमएमची सवय असलेल्या माणसाला हा पहिला धक्का असतो. एफ/३२ पर्यंत बंद केलं तर मागाच्या खोलीतल्या उजेडात आठ-दहा सेकंद जातात, आणि तेवढा वेळ विणकर काही पुतळ्यासारखा बसणार नाही.

इथे पुढचा स्टँडर्ड, म्हणजे लेन्स धरणारी चौकट, पुढच्या बाजूला झुकवायची. लेन्सची पातळी, फिल्मची पातळी आणि स्पष्ट येणारी पातळी एकाच रेषेत मिळाल्या की फोकस उभ्या भिंतीसारखा न राहता ताण्यावर आडवा निजतो. ऑस्ट्रियाच्या थिओडोर शाइमफ्लुग यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. १९०४ मधल्या त्यांच्या पेटंटमुळे. ताण्यापासून लेन्स मीटरभर उंच असेल तर १५० मिमीला साधारण साडेआठ अंशांचा झुकाव लागतो. मोनोरेलवर हे अंश कोरलेले असतात, मागच्या चौकटीलाही तेवढ्याच हालचाली असतात, आणि प्रत्येक हालचालीचा खटका वेगळा असतो. एक गोष्ट हलवली की कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या दुधी काचेवर काय बदललं ते दिसतं. फील्ड कॅमेऱ्यात बऱ्याचदा एकच खटका दोन हालचाली सोडतो, मागच्या चौकटीला वर-खाली सरकणं नसतंच, आणि नवख्या माणसाला कळत नाही की चित्र का बिघडलं.

इमारतींनाही तेच. इंद्रभुवन पूर्ण घ्यायला कॅमेरा वर बघायला लावलात तर खांब वरच्या बाजूला एकमेकांकडे कलतात. कॅमेऱ्याची पाठ ओळंब्यात ठेवा आणि फक्त लेन्स वर सरकवा. कळस चौकटीत येतो, खांब सरळ राहतात. ही एक हालचाल मनासारखी जमली की मोठ्या कॅमेऱ्याचा खर्च वसूल झाल्यासारखं वाटतं, मला तर अजूनही वाटतं.

आता त्या लाकडी हाफ प्लेटबद्दल. तो बघायला जरूर जा. मालकांनी कॅमेऱ्याबरोबर काय-काय जपलंय ते विचारा. कदाचित त्यावर आलप्पुळाच्या वागीश्वरीची पट्टी सापडेल. केरळातल्या या कारखान्याचे लाकडी कॅमेरे १९४० च्या दशकापासून पुढे देशभरच्या स्टुडिओंत गेले, आणि ते चांगलं काम होतं. पण पहिला कॅमेरा म्हणून तो नको, आणि त्याचं कारण लाकडाचं वय नाही. हाफ प्लेट म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंच. या मापाची फिल्म दुकानात ठेवलेली नसते. इलफर्ड वर्षातून एकदा वेगळ्या मापांच्या ऑर्डरी घेते, तेव्हाची वाट बघायची किंवा मोठ्या शीट अंधारात कापायच्या. त्याचे होल्डर, म्हणजे फिल्म भरायच्या चपट्या पेट्या, त्या एकाच कॅमेऱ्याला बसतात. एखादा तडकला तर दुसरा शोधून मिळेल याचा भरवसा नाही. पितळी लेन्सला बहुधा शटर नसतं, टोपी काढून-घालून एक्सपोजर द्यायचं. कागदाच्या निगेटिव्हवर हे सगळं छान चालतं, कारण ब्रोमाइड कागदाचा वेग आयएसओ ६ च्या आसपास असतो, सेकंदांतच काम होतं आणि लाल दिव्यात डोळ्यांसमोर डेव्हलप करता येतं. मालक थोडक्यात देत असतील आणि घरात जागा असेल तर पुढच्या वर्षी घ्या. यंदाचे पैसे त्यात घालू नका.

नव्या फील्ड कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात. आजचे हलके लाकडी कॅमेरे चांगले आहेत. पण किमतीवर पाठवणी आणि कस्टम ड्यूटी चढते, मग लेन्स, मग लेन्सबोर्ड (लेन्स बसवायची चौकोनी फळी), आणि फिल्मला पैसे उरत नाहीत. कपाटात कॅमेरा आहे आणि होल्डर रिकामे आहेत, ही अवस्था मी फार लोकांची पाहिली आहे. दोन वर्षांनी हत्तरसंग कुडलला संगमेश्वराच्या देवळातला शके ९४० चा शिलालेख तिरप्या उन्हात घ्यायचा असेल, दिवसभर नदीकाठाने फिरायचं असेल, तेव्हा हलका कॅमेरा घ्या. मोनोरेलची लेन्स आणि होल्डर त्यालाही चालतील. फोर बाय फाइव्ह घेण्याचा हाच मोठा फायदा, की होल्डरचं माप सगळ्या कंपन्यांनी एकच ठेवलंय. एट बाय टेनचा मोह तुम्ही पत्रात बोलून दाखवलेला नाही, पण तो होईल. एका शीटला चौपट फिल्म जाते एवढं लक्षात ठेवा.

पुण्याला जाल तेव्हा घाई करू नका. विकणाऱ्याला आधीच सांगा की तासभर लागेल. ज्याला ते चालत नसेल त्याच्याकडून घेऊ नका.

सगळ्यात आधी बेलोज, म्हणजे दोन चौकटींमधला घड्यांचा भाता. मोबाइलचा टॉर्च लावून बेलोजच्या आत सरकवा, लेन्सच्या जागी बोर्ड लावा, खोलीत पूर्ण अंधार करा आणि बेलोज लांब ताणून, मग वाकवून, मग पिळून बघा. भोकं नेहमी घड्यांच्या कोपऱ्यांवर पडतात. एक-दोन सुईएवढे ठिपके दिसले तर काळी कापडी टेप लावून काम भागतं, फक्त किंमत उतरवून घ्या. कोपरे ओळीने चमकत असतील तर बेलोज नवा करावा लागेल आणि तो खर्च कॅमेऱ्याच्या बरोबरीचा होऊ शकतो.

मग लेन्स. नाव वाचा. श्नायडरची सिम्मार-एस, रोडेनस्टॉकची सिरोनार-एन, निक्कोर-डब्ल्यू, फुजिनॉन-डब्ल्यू यांतली कुठलीही असेल तर डोळे झाकून पुढे जा. चारही एकाच ताकदीच्या आहेत आणि तुमच्या निगेटिव्हवर त्यांतला फरक मला ओळखता येणार नाही. फोर बाय फाइव्हला साधारण १५५ मिमी व्यासाचा प्रकाशगोल पुरतो. या लेन्स एफ/२२ ला २१० मिमीच्या आसपास देतात, म्हणून झुकवायला आणि सरकवायला वाव मिळतो. झेनार किंवा इतर टेसार जातीची असेल तर ती स्पष्ट असते, पण गोल लहान. इंद्रभुवनचा कळस घेताना कोपरे काळे पडतील. लेन्समधून टॉर्च आरपार पाडून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू म्हणजे बुरशी. ती काचेवर पसरली असेल तर सोडून द्या. काळ्या कडेवर आतून पांढरे बारीक ठिपके असतील तर घाबरू नका, जुन्या श्नायडर लेन्समध्ये ते सर्रास असतात आणि चित्राला काही होत नाही.

शटरचा कान लावून अंदाज घ्या. एक सेकंदावर लावून दाबा. आतली चक्रं एकसारखी घरघरत शेवटपर्यंत गेली पाहिजेत. मध्येच अडखळलं, थांबलं, तर आतलं वंगण घट्ट झालंय आणि साफसफाई लागेल. तुमचं काम मंद वेगांवरच होणार आहे, म्हणून एक सेकंद ते एक पंधरांश हे वेग धड असणं महत्त्वाचं. एक पाचशेअंश खरा किती भरतो याची चिंता करू नका. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून दोन खटक्यांमधलं अंतर मोजता येतं, ते प्रत्येक मंद वेगाला करा आणि कागदावर लिहून लेन्सच्या टोपीत चिकटवा. अर्धा सेकंद खरा पाऊण भरत असेल तरी चालेल, तुम्हाला ते माहीत असलं म्हणजे झालं.

यानंतर ग्राउंड ग्लास, म्हणजे फोकस बघायची ती दुधी काच. कोणीतरी काच बदलली असेल आणि ती उलटी बसवली असेल, तर काचेवर फोकस दिसेल तिथे फिल्मवर येणार नाही. काचेची खरखरीत बाजू लेन्सकडे हवी. बोटाने चाचपून बघा. घरी आल्यावर एक लांब पट्टी टेबलावर तिरपी ठेवा, मधल्या आकड्यावर फोकस करा, लेन्स पूर्ण उघडी ठेवून एक शीट खर्च करा. निगेटिव्हवर तोच आकडा स्पष्ट आला की काम झालं. कॅमेऱ्याच्या पाठीवर ग्राफलॉक पद्धतीच्या सरकत्या पट्ट्या असतील तर फार उत्तम. पुढे १२० रोलचा होल्डर लावून स्वस्तात सराव होईल.

लेन्सबोर्डचं माप लिहून आणा. प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं आणि दुसरी लेन्स घेताना याच चौकोनी तुकड्यासाठी लोक महिनोन् महिने अडतात.

दुसऱ्या लेन्सचा विषय निघालाच आहे तर: मागाच्या खोल्या अरुंद असतात, त्यामुळे कधीतरी ९० मिमी लागेल. पण आत्ता नको. ९० ला दोन्ही चौकटी इतक्या जवळ आणाव्या लागतात की साधा बेलोज दबून अडतो आणि हालचालच करू देत नाही. त्यासाठी थैलीसारखा मऊ बेलोज वेगळा घ्यावा लागतो. विकणाऱ्याकडे तो पडलेला असेल तर याच सौद्यात मागून घ्या, वेगळा शोधायला गेलात तर महाग पडेल. तोवर दरवाज्यात किंवा ओसरीत उभं राहून १५० ने काम करा. विणकराचा चेहरा आणि फणी एका चौकटीत येतात, तेवढं पहिल्या वर्षाला पुष्कळ आहे.

उरलेल्या पैशांत पहिला मान ट्रायपॉडचा. व्हिडिओसाठी मिळतात ते हलके प्लास्टिकचे नकोत. जुना, जड, लाकडी किंवा लोखंडी चालेल. सर्व्हेवाल्यांचा स्टँड मिळाला तर तोही चालेल. तुमच्या भागात एक अडचण आहे जी दुसऱ्या गावातल्यांना येणार नाही: शेजारी यंत्रमागांची शेड असेल तर जमीनच थरथरते. ग्राउंड ग्लासवर भिंग ठेवून एखादा ताणा बघत राहा. धागा दुहेरी दिसला तर एक सेकंदाचं एक्सपोजर वाया जाणार. शेडची पाळी बदलते तेव्हा किंवा वीज जाते तेव्हा काम करा. हातमागाला विजेची गरज नाही, हे तुमच्या पथ्यावर पडेल.

होल्डर चार-पाच पुरेत. एकात दोन शीट राहतात. फिडेलिटी, लिस्को, टोयो, कुठलेही प्लास्टिकचे घ्या. डार्क स्लाइडची (होल्डरवरच्या सरकत्या झाकणाची) पांढरी बाजू बाहेर म्हणजे आत कोरी फिल्म, काळी बाहेर म्हणजे झालेली. हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा. पांढऱ्या बाजूला कडेवर टिपके असतात, ते अंधारात बोटाला लागतात. शीट उभी धरली आणि कडेच्या खाचा वरच्या उजव्या कोपऱ्यात आल्या की फिल्मची कामाची बाजू तुमच्याकडे असते. एक जुनी शीट फुकट घालवा आणि डोळे मिटून हे भरणं-काढणं हाताला बसवा. मागाच्या खोलीत हवेत सुताची तूस उडत असते. होल्डर एकेक प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवा, लावण्याआधीच बाहेर काढा. घरी भरताना आधी फरशी ओल्या फडक्याने पुसा आणि पंखा बंद करा. निगेटिव्हवरचा एक तंतू मोठ्या प्रिंटवर विणकराच्या गालावरचा व्रण होऊन बसतो.

फिल्म कुठली? इलफर्डची एचपी५ प्लस. मागाच्या खोलीत आयएसओ ४०० हवाच; दुपारी खिडकीचा उजेड असेल तर एफ/११ ला साधारण अर्धा ते एक सेकंद मिळेल. माग स्थिर, धोट्याची एक पांढरट रेघ, हात किंचित हललेले. माझ्या मते मागाचं चित्र असंच असावं. एक सेकंदाच्या पुढे गेलात की फिल्म मंदावते. मीटर चार सेकंद म्हणाला तर सहा द्या. हातांचा जवळून फोटो घेताना बेलोज लांबतो, त्याचाही हिशेब ठेवा: १५० मिमीच्या लेन्सला बेलोज २१० मिमीपर्यंत गेला की उजेड निम्मा होतो, म्हणून वेळ दुप्पट. मीटर मोबाइलमधला चालेल, फक्त खिडकीकडे न धरता विणकराच्या अंधाऱ्या बाजूकडे धरा.

सरावाला एक्स-रे फिल्म वापरा. सोलापुरात दवाखान्यांची कमतरता नाही. बरेच डिजिटलवर गेले असले तरी एक्स-रेचं सामान विकणाऱ्यांकडे आठ बाय दहाची फिल्म विचारून बघा. ग्रीन सेन्सिटिव्ह, म्हणजे हिरवा उजेड टिपणारी, मागा. एका शीटचे चार तुकडे होतात, पण नुसते चार सारखे केले तर होल्डरमध्ये जाणार नाहीत. खरी फोर बाय फाइव्ह शीट नावापेक्षा दोन्हीकडून सुमारे दोन मिलिमीटर लहान असते, तेवढी कड काढा. लाल दिव्यात काम करता येतं हे मोठं सुख. वेग आयएसओ ५० ते १०० मध्ये कुठेतरी धरून चाचणी घ्या. दोन्ही बाजूंना लेप असतो, म्हणून ट्रेच्या तळाशी काच ठेवा, नाहीतर खालची बाजू ओरखडते. आणि या फिल्मला लाल रंग दिसत नाही. कपाळावरचं कुंकू काळंभोर येतं, लाल चादर कोळशासारखी येते, उन्हात रापलेली कातडी जास्त गडद आणि सुरकुतलेली दिसते. आजींचा फोटो घेऊन त्यांना दाखवणार असाल तर ही फिल्म वापरू नका. सुताचे पोत, दगड, दरवाजे यांना मात्र ती सुरेख साथ देते.

आता पाणी. हा तुमचा सगळ्यात रास्त प्रश्न आहे, आणि उत्तर तुम्हाला वाटतं त्यापेक्षा सोपं आहे. शीट फिल्म धुवायला वाहता नळ लागत नाही. चार शीट उभ्या धरणाऱ्या छोट्या टाक्या मिळतात, त्यांना एका वेळी साधारण अर्धा लिटर रसायन पुरतं. ती घेईपर्यंत तुमच्याकडच्या रोलच्या टाकीत शीट लेप आत ठेवून गुंडाळा आणि केसांच्या रबराने सैल बांधा. बाहेरून कुठे रंगाचा थर राहिला तर शेवटी उलगडून पुन्हा एकदा धुवा. फिक्सरनंतर धुण्यासाठी इलफर्डचीच पद्धत आहे: टाकी भरा, पाच वेळा उलटीसुलटी करा, ओता, पुन्हा भरा, दहा वेळा, पुन्हा भरा, वीस वेळा. दीड लिटरमध्ये काम होतं. फक्त फिक्सर हार्डनर (लेप कडक करणारं रसायन) नसलेला हवा. शेवटचं बुचकळणं बॅटरीच्या दुकानात मिळणाऱ्या डिस्टिल्ड पाण्यात करा, वेटिंग एजंटचा एखादा थेंब टाकून. साठवलेल्या पाण्याचे क्षार वाळल्यावर निगेटिव्हवर डाग पाडतात आणि मग ते निघत नाहीत.

उष्णता पाण्यापेक्षा अवघड. एप्रिल-मेमध्ये टाकीतल्या पाण्याने डेव्हलप करायचंच नाही. माठ वापरा. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा असल्यामुळे माठ चांगला गार होतो. संध्याकाळी भरून ठेवला की पहाटे थर्मामीटर लावून बघा, २४ अंशांच्या आसपास आणता येतं. कमी पडलं तर बर्फ प्लास्टिकच्या पिशवीत बांधून भांड्यात बुडवा, रसायनात थेट टाकू नका. एचपी५ ला डी-७६ डेव्हलपर पाण्यात एकास एक पातळ करून २० अंशांना अकरा मिनिटं लागतात. २४ अंशांना ती आठच्या जवळ येतात. दाट डेव्हलपर वापरलात तर वेळ फार कमी होऊन आकाशात पट्टे पडू शकतात, म्हणून उन्हाळ्यात पातळच करा. डेव्हलपर, फिक्सर, धुण्याचं पाणी, सगळं एकाच तापमानाला ठेवा. २४ वरून एकदम ३५ च्या पाण्यात घातलेली फिल्म मऊ पडते आणि नखाचा स्पर्शही तिच्यावर उमटतो. फिल्मचा डबा फ्रिजमध्ये राहू द्या, पण उघडण्याआधी काही तास बाहेर काढा. भरलेले होल्डर स्कूटरच्या डिकीत उन्हात कधीही सोडू नका. वापरलेला फिक्सर मोरीत ओतू नका, त्यात चांदी उतरलेली असते; डब्यात साठवा, एक्स-रे विभागांचा जुना फिक्सर चांदीसाठी विकत घेणारे लोक असतात, त्यांना द्या.

एन्लार्जर नसला तरी अडत नाही. निगेटिव्ह ब्रोमाइड कागदावर ठेवा, वर जाड काच, वरून साधा बल्ब काही सेकंद. चार बाय पाच इंचांचा कॉन्टॅक्ट प्रिंट हातात धरून बघण्यासारखा असतो. आणि तो विणकरांसाठीच करायचा आहे. मोठ्या कॅमेऱ्यापुढे वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात. ज्याला नगावर मजुरी मिळते त्याची ती कमाई असते. कॅमेरा लावणं, फोकस, झुकाव, सगळं तो काम करत असताना उरका, शीट घालायच्या क्षणीच त्याला विचारा. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत बसलेला फोटो घ्या. एकाच मागावर दोन शीट खर्च करा आणि पहिला चांगला प्रिंट त्या घरी द्या.

राहिला गड्डा. गर्दीत आणि नंदीध्वजांच्या मिरवणुकीत हा कॅमेरा नेऊ नका. तिथे तुमचा पस्तीस एमएमच बरा, चालत्या काठ्या मोनोरेलने पकडता येत नाहीत आणि धक्क्यात ट्रायपॉड आडवा होईल. होम मैदानावर पाळणे उभारत असतात ते दिवस मात्र तुमचे आहेत. जानेवारीतली सकाळ, कोवळं ऊन, लोखंडी सांगाडे आकाशात चढत चाललेले, लेन्स वर सरकवायला जागाच जागा. पाळण्याच्या मालकाला आणि बंदोबस्तावरच्या पोलिसांना आदल्या दिवशी विचारून ठेवा, आणि बरोबर एक माणूस न्या. काळ्या कापडाखाली तुमचं डोकं असताना होल्डरच्या पिशवीवर आणि ट्रायपॉडच्या पायांवर लक्ष ठेवायला कुणीतरी लागतंच.